गच्चीवरून फेकलेला चेंडू ३४.६ मीटरवर का पडत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. १५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून एक चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने, क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून वरच्या बाजूला फेकला. तो किती वेळाने जमिनीवर पडेल, इमारतीपासून किती लांब पडेल आणि पडताना त्याचा वेग किती असेल? गुरुत्वीय त्वरण १० धरायचं, हवेचा रोध सोडून द्यायचा. तुमचं उत्तर आलं २ सेकंद आणि ३४.६ मीटर. पुस्तकात मागे छापलंय ३ सेकंद आणि ५२ मीटर. तीनदा आकडेमोड तपासूनही चूक सापडत नाही, म्हणून पुस्तकच चुकलंय का, असं विचारलंय. आणि जाता जाता, ४५ अंशांत फेकला असता तर सगळ्यात लांब गेला असता ना, हेही.

पुस्तक बरोबर आहे. तुमची आकडेमोडही बरोबर आहे, म्हणूनच चूक सापडत नाहीये. तुम्ही पल्ल्याचं तयार सूत्र वापरलंत: वेगाचा वर्ग गुणिले साइन दोन थीटा, भागिले जी (थीटा म्हणजे फेकीचा कोन, जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण). ४०० गुणिले ०.८६६ भागिले १०, म्हणजे ३४.६. हे सूत्र चेंडू जिथून सुटला त्याच पातळीवर परत येतो असं गृहीत धरून काढलेलं असतं. तुमचा चेंडू ३४.६ मीटरवर पोहोचतो तेव्हा तो खरोखरच गच्चीच्या पातळीला परत आलेला असतो, फक्त त्याच्या खाली अजून १५ मीटर मोकळी हवा असते. सूत्राने त्याला तिथेच अधांतरी सोडून दिलं.

वर्गात हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की प्रोजेक्टाइलचा, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचा, धडा सुरू केला की पहिले दोन तास पल्ल्याचं सूत्र फळ्यावर लिहीतच नाही. ते पाठ असलं की मुलं प्रश्न वाचायच्या आधीच त्यात आकडे टाकतात. ते न लिहिता सोडवायची सवय लागली की मग वापरा खुशाल, कारण तेव्हा ते कुठे चालतं आणि कुठे नाही हे तुम्हालाच दिसायला लागतं.

या सगळ्या प्रकरणात कल्पना एकच आहे. आडवी हालचाल आणि उभी हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीला दुसरीची खबर नसते. दोघींमध्ये सामाईक काय, तर घड्याळ. गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढतं, त्यामुळे आडव्या दिशेने त्वरण शून्य आणि आडवा वेग शेवटपर्यंत तोच. उभ्या दिशेने त्वरण कायम १०, खाली. चेंडू वर जात असताना, शिखरावर असताना, खाली येत असताना, सगळीकडे तेवढंच. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात ही फोड केली आणि त्यातूनच मार्ग अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराचा) असतो हे दाखवलं. त्याआधी बऱ्याच जणांची समजूत अशी होती की फेकलेली वस्तू आधी सरळ जाते आणि जोर संपला की खाली कोसळते.

विश्वास बसत नसेल तर दोन नाणी घ्या. एक टेबलाच्या अगदी कडेवर ठेवा, दुसरं बोटाने टिचकी मारून कडेवरून उडवा, अशा बेताने की ते जाता जाता पहिल्याला जेमतेम धक्का देईल. पहिलं जवळजवळ सरळ खाली पडतं, दुसरं दोन हात लांब जातं. डोळे मिटून ऐका. ‘टक्‌’ एकदाच ऐकू येतो. मी हे दरवर्षी करतो आणि दरवर्षी कुणीतरी ‘परत करा’ म्हणतंच.

आता तुमचं गणित. आधी वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे ‘आडवं’, उजवीकडे ‘उभं’. यापुढे जो आकडा येईल तो कुठल्या बाजूचा हे ठरवल्याशिवाय लिहायचा नाही. हे बाळबोध वाटेल, पण या प्रकारातल्या निम्म्या चुका २० हा पूर्ण वेग उभ्या समीकरणात घातल्यामुळे होतात. २० कुठल्याच रकान्यात जात नाही. तो तिरका आहे, त्याचे तुकडे जातात. आडवा घटक २० कोसाइन ३० म्हणजे १७.३ आणि उभा घटक २० साइन ३० म्हणजे १०. (वहीत १७.३ च्या शेजारी १० गुणिले ३ चं वर्गमूळ असंही लिहून ठेवा. पुढे वर्ग करताना नेमका ३०० मिळतो, दशांशांचा कचरा होत नाही.) कोन क्षितिजाशी दिला असेल तर आडव्याला कोसाइन. काही प्रश्नांत तो उभ्या रेषेशी देतात, तिथे उलटं होतं. पाठांतर नको, त्रिकोण काढून कोनाला चिकटलेली बाजू कुठली ते बघा.

मग आरंभबिंदू आणि दिशा. मी आरंभबिंदू गच्चीच्या कडेवर ठेवतो आणि वरची दिशा धन घेतो. तुम्ही जमिनीवर ठेवा, खालची दिशा धन घ्या, निसर्गाला फरक पडत नाही. फक्त एकदा ठरवलं की मधेच बदलायचं नाही आणि ते कागदावर लिहून ठेवायचं. माझ्या निवडीप्रमाणे सुरुवातीचा उभा वेग +१०, त्वरण −१० आणि जमिनीची जागा −१५. शेवटचा आकडा नीट बघा. चेंडूने उभ्या दिशेत एकूण किती अंतर कापलं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. तो आधी ५ मीटर वर जाईल, मग २० मीटर खाली येईल. समीकरणाला हवं असतं विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटची जागा कुठे. ती १५ मीटर खाली, म्हणून −१५. वर आणि खाली असे दोन तुकडे करायची गरज नाही. एकच समीकरण शिखर ओलांडून जमिनीपर्यंत नेतं. टाइमसाठी ‘ट’ लिहितो:

−१५ = १० × ट − ५ × ट²

सगळं एका बाजूला आणून ५ ने भागलं की

ट² − २ट − ३ = ०
(ट − ३)(ट + १) = ०

ट बरोबर ३ किंवा −१. इथे सगळे −१ वर काट मारतात आणि पुढे जातात. मारा, पण त्याचा अर्थ बघून मारा. समीकरणाला गच्ची ठाऊक नाही, त्याला फक्त अन्वस्त ठाऊक आहे. हाच चेंडू गच्चीवरून न फेकता जमिनीवरूनच असा फेकला असता की गच्चीच्या कडेपाशी तो नेमका याच वेगाने आणि याच दिशेने जाईल, तर तो जमिनीवरून एक सेकंद आधी सुटलेला असता. ते −१ म्हणजे हे. पडताळा घ्यायचा तर सोपं आहे. सममितीमुळे तो जमिनीवरून उभ्या २० वेगाने निघाला असणार, आणि एक सेकंदात २० चे १० होतात, बरोबर गच्चीपाशी. खोटं मूळ नाहीच ते. आपल्या गोष्टीच्या आधीचा भाग सांगणारं मूळ आहे.

समजा घाईत −१५ ऐवजी +१५ लिहिलंत. मग ट² − २ट + ३ = ० येतं, विवेचक (वर्गमुळाच्या चिन्हाखाली येणारी राशी) ४ वजा १२ म्हणजे ऋण, उत्तरच नाही. असं झालं की मुलं घाबरतात आणि उणे चिन्ह गुपचूप पुसून वर्गमूळ काढतात. (उत्तरपत्रिकांत ही खाडाखोड स्पष्ट दिसते बरं का.) वास्तविक समीकरण तुम्हाला काहीतरी सांगतंय. तुम्ही त्याला विचारलंत, ‘चेंडू गच्चीच्या वर १५ मीटरवर कधी पोहोचेल?’ त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, ‘कधीच नाही.’ कारण तो गच्चीच्या वर फक्त ५ मीटरपर्यंत जातो. ऋण विवेचक आला की पुसायचं नाही, चिन्हं तपासायची.

म्हणजे उड्डाणकाल ३ सेकंद. हा आकडा उजव्या रकान्यातून निघाला. आता तो उचलून डाव्या रकान्यात न्यायचा, दोन्ही बाजूंना जोडणारा पूल एवढाच. १७.३ गुणिले ३, म्हणजे ५२ मीटर. झालं.

दुसऱ्या वाटेने ताळा करून बघा. शिखरावर उभा वेग शून्य होतो, १० ला शून्यावर यायला १ सेकंद. तेवढ्यात चेंडू ५ मीटर वर गेला, म्हणजे जमिनीपासून २० मीटर. तिथून २० मीटर पडायला २ सेकंद. एकूण ३. जुळलं. शिखराबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ही चूक हुशार मुलंही करतात. शिखरावर फक्त उभा वेग शून्य असतो. चेंडू तिथे थांबत नाही, त्याचा १७.३ चा आडवा वेग शाबूत असतो. आणि त्वरण तिथेही १० च असतं. ते शून्य झालं असतं तर चेंडू तसाच आडवा चालत राहिला असता, खाली आलाच नसता.

पडतानाचा वेग: उभा घटक १० − १० × ३ = −२०, आडवा १७.३. दोघांच्या वर्गांची बेरीज ४०० आणि ३००, म्हणजे ७००. वर्गमूळ २६.५ मीटर प्रति सेकंद. दिशाही द्यायची, कारण ‘वेग’ विचारलाय, नुसती चाल नाही. टॅन बरोबर २० भागिले १७.३, म्हणजे क्षितिजाच्या खाली सुमारे ४९ अंश.

हेच ऊर्जेने एका ओळीत तपासता येतं. गतिज ऊर्जा वाढली ती १५ मीटर खाली आल्याने कमी झालेल्या स्थितिज ऊर्जेएवढी. वस्तुमान दोन्हीकडून उडून जातं आणि उरतं ४०० + २ × १० × १५ = ७००. तोच आकडा. यात कोन कुठेच आला नाही, हे लक्षात आलं का? या गच्चीवरून २० च्या वेगाने चेंडू सरळ वर फेका, आडवा फेका, थेट खाली आपटा, जमिनीवर तो २६.५ च्याच चालीने आदळेल. वेळ वेगळा, जागा वेगळी, दिशा वेगळी, चाल तीच. परीक्षेत शेवटची दोन मिनिटं उरली असतील तर हा ताळा आधी करा.

इथपर्यंत समजलं असेल तर एक फाटा स्वतः करून बघा आणि मग पुढचं वाचा. इमारतीपासून ४० मीटरवर १० मीटर उंच भिंत आहे. चेंडू तिच्यावरून जाईल की तिला धडकेल? यासाठी नवं सूत्र लागत नाही. या वेळी वेळ डाव्या रकान्यातून काढायची आणि उजव्या रकान्यात न्यायची, म्हणजे पूल तोच, प्रवास उलटा. ४० भागिले १७.३, म्हणजे २.३१ सेकंद. त्या क्षणी उंची १० × २.३१ − ५ × ५.३३, म्हणजे −३.६ मीटर, गच्चीच्या खाली ३.६. जमिनीपासून ११.४. भिंतीवरून साधारण दीड मीटर वरून जाईल. पुस्तकात ‘मार्गाचं समीकरण’ म्हणून जे मोठं, टॅन थीटा आणि कोसाइनच्या वर्गाचं वाक्य असतं, ते म्हणजे हीच कृती, फक्त मधली वेळ गाळून. वेळ विचारलीच नसेल तिथे ते सोयीचं पडतं, इतकंच.

आता तुमचे ४५ अंश. इथे मला माझीच एक फजिती सांगायला हवी. शिकवायला लागून एक-दोन वर्षं झाली असतील. असाच उंचावरून फेकण्याचा प्रश्न होता आणि मी फळ्यासमोर उभा राहून बिनदिक्कत सांगितलं की सगळ्यात लांब टाकायचा तर ४५ अंश. मागच्या बाकावरची एक मुलगी कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत होती. ती म्हणाली, ‘सर, ४५ ला कमीच येतंय.’ मी आधी तिचंच गणित तपासायला गेलो.

तुमच्याच आकड्यांनी करून बघू. ४५ अंशांत दोन्ही घटक १४.१. उड्डाणकाल येतो ३.६५ सेकंद आणि पल्ला ५१.६ मीटर. तीस अंशांना ५२.० होता. म्हणजे ४५ अंशांचा चेंडू ३० अंशांच्या चेंडूपेक्षा अलीकडे पडतो! कारण असं: सपाट जमिनीवर हवेत राहण्याचा वेळ फक्त उभ्या वेगातून मिळतो, म्हणून उभ्याला आणि आडव्याला सारखा वाटा देणं फायद्याचं. गच्चीवरून फेकताना १५ मीटरची उंची काही वेळ फुकट देते. वेळ आयताच मिळतोय म्हटल्यावर वेगाचा थोडा जास्त हिस्सा आडव्याकडे वळवणं परवडतं. नेमका कोन काढला तर त्याचा टॅन येतो सुटतानाची चाल भागिले पडतानाची चाल, म्हणजे २० भागिले २६.५, अंदाजे ३७ अंश. पल्ला ५२.९ मीटर. उंची शून्य केली की दोन्ही चाली सारख्या, टॅन १, आणि ४५ अंश आपोआप परत येतात. या ३७ अंशांच्या फेकीत सुटतानाची दिशा आणि पडतानाची दिशा एकमेकींशी नेमक्या काटकोनात असतात. सपाट जमिनीवरच्या ४५ च्या फेकीतही तसंच होतं, तिथे ते डोळ्यांना सहज दिसतं, इथे लपलेलं असतं. मला हे प्रोजेक्टाइलमधलं सगळ्यात देखणं वाक्य वाटतं, पण परीक्षेत कुणी विचारत नाही.

आणि फरक किती छोटा आहे तेही बघा. ३० अंश, ३७ अंश, ४५ अंश, तिघांत मिळून जेमतेम सव्वा मीटर. सर्वोत्तम कोनाच्या आसपास पल्ला सपाट असतो, त्यामुळे कोनात थोडं इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. सुटतानाचा वेग मात्र थोडा वाढला तरी लगेच कामाला येतो. गोळाफेकीचे खेळाडू ४५ पेक्षा बऱ्याच कमी कोनात गोळा सोडतात याची दोन कारणं तुम्हाला यात सापडतील. एक म्हणजे गोळा हातातून सुटतो तो खांद्याच्या वरून, जमिनीवरून नाही. दुसरं कारण शरीराचं. चपट्या कोनात माणसाला जास्त जोर लावता येतो, आणि जास्त वेगाचा फायदा कोनाच्या नुकसानापेक्षा मोठा असतो.

‘हवेचा रोध सोडून द्या’ हे वाक्य गोळ्याला शोभतं, सगळ्याच चेंडूंना नाही. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा. तो २० मीटर प्रति सेकंदाने निघाला तर सुरुवातीला हवा त्याला त्याच्या वजनाच्या साधारण पाचपट जोराने मागे ओढते. तो ५२ मीटरच्या जवळपासही जाणार नाही, आणि त्याचा मार्ग अन्वस्तही राहणार नाही. उतरणीची बाजू चढणीपेक्षा उभी होते. तेव्हा गच्चीवर जाऊन पुस्तकाचं उत्तर तपासायचा विचार असेल तर जड आणि लहान वस्तू लागेल, आणि अशी वस्तू गच्चीवरून फेकायची नसते.

राहिला जीचा प्रश्न. पुस्तकाने १० म्हटलंय म्हणून १० घ्या. ९.८ घेतलंत तर वेळ ३.०५ सेकंद आणि अंतर ५२.८ मीटर येतं, आणि गुण देणारा बहुधा तेही मान्य करेल. पण वेळ काढताना १० आणि पडतानाचा वेग काढताना ९.८ असं केलंत तर ऊर्जेचा ताळा जुळणार नाही, आणि मग नसलेली चूक शोधत बसाल.